उजेडाच्या मागावर जाणारे कासव

यंत्रमानव म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर दोन हात, दोन पाय आणि चौकोनी डोके असलेला पत्र्याचा माणूस उभा राहतो. घरी यंत्रमानव बनवायला निघालेला विद्यार्थीही बहुधा तेथूनच सुरुवात करतो. पुठ्ठ्याची खोकी, चंदेरी कागद, डोळ्यांच्या जागी दोन लाल दिवे. दिसायला झकास! पण दिवे लावणे आणि विझवणे यापलीकडे त्या बिचाऱ्याला काही येत नाही, आणि आठवड्याभरात तो माळ्यावर जाऊन पडतो.

‘रोबो’ हा शब्द मुळात रंगभूमीवरून आला. कारेल चापेक या झेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या नाटकात कारखान्यात तयार केलेले कामकरी आहेत, त्यांना हे नाव दिले आहे. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे सक्तीची मजुरी, आपल्याकडची वेठ. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी ‘माणसासारखे रूप’ हा अर्थ नाही. रूप बाजूला ठेवले, तर यंत्रमानव कशाला म्हणावे?

तुमच्या घराच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. पाणी वर चढले की गोळा वर येतो, तोटी बंद होते. पाणी खाली गेले की तोटी उघडते. येथे काहीतरी जाणवते, त्या जाणिवेप्रमाणे कृती घडते, आणि कृतीमुळे परिस्थिती बदलली की ती पुन्हा जाणवते. असे हे एक पूर्ण वर्तुळ आहे. मिक्सरमध्ये हे वर्तुळ नाही; भांड्यात चटणी आहे की नुसती हवा, याचा त्याला पत्ता नसतो. तरंगत्या गोळ्याला कोणी यंत्रमानव म्हणणार नाही हे खरे, पण तो त्याच कुळातला आहे. जाणीव, निर्णय आणि हालचाल यांचे वर्तुळ ज्या यंत्रात पुरे होते, ते यंत्र यंत्रमानव होण्याच्या वाटेवर लागले असे समजावे. मग त्याला डोके असो वा नसो.

हे वर्तुळ किती थोड्या सामानात पुरे करता येते, हे इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात डब्ल्यू. ग्रे वॉल्टर या शास्त्रज्ञाने १९४८-४९ मध्ये दाखवून दिले. वॉल्टर मेंदूतील विद्युतलहरींचा अभ्यासक होता. त्याला एक प्रश्न पडला होता: मेंदूत अब्जावधी पेशी आहेत, पण सजीवासारखी वागणूक दिसायला निदान किती पेशी लागतात? उत्तर शोधण्यासाठी त्याने तीन चाकांची दोन यंत्र-कासवे बनवली आणि त्यांची नावे ठेवली एल्मर आणि एल्सी. प्रत्येकात दोन निर्वात नळ्या (त्या काळी रेडिओत असत तशा), दोन मोटरी, उजेड ओळखणारा एक प्रकाशघट आणि पाठीवर सैल टांगलेले कवच. कवच कशावर आपटले की आतला स्पर्श-स्विच जोडला जाई. एवढ्या सामग्रीवर ही कासवे खोलीभर हिंडत, मंद उजेडाकडे जात, फार प्रखर उजेडापासून दूर होत, खुर्चीच्या पायावर आपटली तर वळत-ढकलत वाट काढीत. विजेरी उतरू लागली की प्रखर उजेडाचे वावडे कमी होई आणि कासव दिवा लावलेल्या आपल्या घरकुलात विजेरी भरून घ्यायला जाई.

आपल्याला निर्वात नळ्यांची गरज नाही. वॉल्टरच्या कासवाचा एक धाकटा भाऊ ट्रान्झिस्टर वापरून घरी बनवता येतो. त्यासाठी संगणक लागत नाही, आज्ञावली लिहावी लागत नाही. पुढील मजकूर वाचताना शेजारी वही घ्या आणि जोडणीची आकृती स्वतः काढत चला. छापील आकृती पाहून जोडलेले मंडल चालते, पण ते का चालते हे हाताला कळत नाही.

सामान असे: गिअर लावलेल्या दोन लहान मोटरी आणि त्यांना बसणारी चाके, चार पेन्सिल सेल आणि त्यांचा होल्डर, एक स्विच, टीआयपी १२२ जातीचे दोन ट्रान्झिस्टर, दोन एलडीआर, १० किलोओहमचे दोन प्रीसेट, ४७० ओहमचे दोन रोधक, १एन४००७ जातीचे दोन डायोड, एक ब्रेडबोर्ड आणि थोडी वायर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत हे सारे मिळते. गावात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचे दुकान असेल तर तेथे विचारा. मोटरी मात्र बहुधा मागवाव्या लागतील. दुकानात त्यांना ‘बीओ मोटर’ म्हणतात. बहुतेक वेळा पिवळ्या प्लॅस्टिकच्या डबीत असतात.

गिअर कशाला, असे वाटेल. मोडक्या खेळण्यातली नुसती मोटर मिनिटाला हजारो फेरे फिरते, पण तिच्यात जोर नसतो. दांड्याला बोटांनी धरले तरी थांबते. दंतचक्रांनी फेरे कमी केले की त्याच प्रमाणात जोर वाढतो. मिनिटाला १०० फेऱ्यांची मोटर आणि साडेसहा सेंटीमीटर व्यासाचे चाक घेतले, तर चाकाचा परीघ सुमारे २० सेंटीमीटर. म्हणजे मिनिटाला २० मीटर, सेकंदाला सुमारे ३३ सेंटीमीटर. खोलीत हिंडणाऱ्या कासवाला हा वेग पुष्कळ झाला. ६० फेऱ्यांची मिळाली तर अधिक चांगले.

आता या साऱ्या प्रकरणातील कळीचा मुद्दा. एलडीआर म्हणजे प्रकाशानुसार रोध बदलणारा रोधक. अंधारात त्याचा रोध लाखो ओहम असतो, खोलीतल्या साध्या उजेडात काही हजार ओहम आणि टॉर्च जवळ आणला की हजार ओहमच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. नेमके आकडे प्रत्येक एलडीआरचे वेगळे. शाळेत मल्टिमीटर असेल तर टॉर्चचे अंतर बदलत मोजून आलेख काढावा. दहावीच्या वर्गासाठी हा एक उत्तम प्रयोग होईल. मग मोटर आणि एलडीआर सरळ एकापुढे एक जोडले, तर उजेडात मोटर फिरेल का? ओहमचा नियम लावून पाहा. ६ व्होल्ट भागिले १००० ओहम म्हणजे ६ मिलिअँपिअर. आणि मोटरीला साधे फिरायला लागतात शे-दोनशे मिलिअँपिअर. चाक अडले तर अर्धा अँपिअर किंवा त्याहूनही जास्त. मोटर हलणारसुद्धा नाही. घरी यंत्रमानव बनवताना जे प्रयत्न फसतात, त्यांतले बहुतेक येथे फसतात. बुद्धी कमी पडत नाही, प्रवाह कमी पडतो.

‘डोळ्या’जवळ प्रवाह थोडा, ‘स्नायू’ला हवा पुष्कळ. ही दरी ट्रान्झिस्टर भरून काढतो. त्याच्या बेसमधून लहानसा प्रवाह गेला की कलेक्टरकडून एमिटरकडे त्याच्या अनेक पट प्रवाह वाहू शकतो. कालव्याच्या दारावर बसलेला माणूस चाक फिरवायला थोडेसेच बळ लावतो, पण दारातून जाणाऱ्या पाण्याचा लोंढा केवढा असतो! टीआयपी १२२ मध्ये अशा दोन पायऱ्या एकाच डबीत असतात, त्यामुळे त्याचे वर्धन सुमारे हजारपट आहे. रेडिओच्या मंडलात दिसणारा चिमुकला बीसी ५४७ येथे चालणार नाही. त्याची मर्यादा १०० मिलिअँपिअर. मोटर अडली की तो जळतो.

जोडणी पाहू. आधी एकाच बाजूची करायची. ट्रान्झिस्टरवरील अक्षरे आपल्याकडे आणि पाय खाली असे धरले, तर डावीकडून बेस, कलेक्टर, एमिटर असा क्रम येतो. एमिटर विजेरीच्या ऋण टोकाला जोडा. कलेक्टर मोटरीच्या एका टोकाला, आणि मोटरीचे दुसरे टोक विजेरीच्या धन टोकाला. आता बेस. धन टोकापासून ४७० ओहमचा रोधक, त्यापुढे एलडीआर आणि एलडीआरचे दुसरे टोक बेसला. शेवटी बेसपासून ऋण टोकापर्यंत प्रीसेट. त्याच्या तीन पायांपैकी मधला आणि कडेचा एक वापरायचा. उजेड पडला की एलडीआरचा रोध घटतो, बेसचा दाब वाढतो. तो सुमारे १.४ व्होल्टच्या वर गेला की ट्रान्झिस्टर उघडतो आणि मोटर फिरू लागते. ही सीमा किती उजेडाला ओलांडली जावी, ते प्रीसेट ठरवतो.

राहिला डायोड. मोटरीच्या गुंडाळीतला प्रवाह एकदम तोडला की गुंडाळी उलट दाबाचा झटका देते आणि तो ट्रान्झिस्टरला घातक ठरू शकतो. डायोड या झटक्याला परत मोटरीतूनच फिरण्याची वाट देतो. म्हणून तो मोटरीच्या दोन टोकांना समांतर जोडावा, पांढरा पट्टा असलेली बाजू विजेरीच्या धन टोकाकडे. डायोड मोटरीवर न लावता ब्रेडबोर्डवर लावा. पुढे मोटरीच्या वायरा उलटसुलट कराव्या लागतात, तेव्हा डायोड जागच्या जागी राहिलेला बरा. तो उलटा बसला तर त्यातून थेट प्रवाह जाऊन सेल आणि ट्रान्झिस्टर दोन्ही तापतील.

मोटर हातात धरूनच चाचणी घ्या. संध्याकाळी, खोलीत मंद उजेड असताना, मोटर जेमतेम थांबेपर्यंत प्रीसेट फिरवा. मग एलडीआरवर टॉर्च धरा. मोटर फिरली पाहिजे. टॉर्च हळूहळू दूर न्या. एका टप्प्यात ती मंदावते आणि मग थांबते. हे नीट जमल्याशिवाय दुसऱ्या बाजूला हात घालू नका. दोन्ही बाजू एकदम जोडून बसणाऱ्याला चूक कोठे आहे ते शोधताना रात्र होते.

सांगाडा कशाचाही करा. हार्डबोर्ड, जुनी सीडी, डब्याचे प्लॅस्टिकचे झाकण. मागच्या भागात डावी-उजवी मोटर, आणि तिसरा टेकू म्हणून पुढे टेबल टेनिसचा जुना चेंडू अर्धा कापून पालथा चिकटवा. गुळगुळीत लादीवर तो छान घसरतो, सतरंजीवर अडतो. सेलचा होल्डर जड असतो, तो चाकांच्या जवळ ठेवा म्हणजे चाकांना पकड मिळते. दोन्ही ट्रान्झिस्टरच्या धातूच्या पाठी एकमेकींना लागू देऊ नका, कारण ती पाठ आतून कलेक्टरला जोडलेली असते. दोन एलडीआर पुढच्या कडेला सात-आठ सेंटीमीटर अंतरावर, तोंडे किंचित बाहेर वळवून बसवा. दोघांच्या मध्ये काळ्या कागदाची उभी भिंत हवी. ती नसेल तर दोन्ही डोळ्यांना सारखाच उजेड दिसतो आणि कासवाला डावे-उजवे कळत नाही.

आणि आता प्रश्न येतो: डावा डोळा कोणत्या मोटरीला जोडायचा? सहज हाताला येईल ते म्हणजे डावा डावीला, उजवा उजवीला. तसेच करा. टॉर्च लादीवर, कासवाच्या समोर पण थोडा डावीकडे ठेवा. डाव्या डोळ्याला जास्त उजेड, म्हणून डावे चाक जोरात, म्हणून कासव वळते उजवीकडे. उजेडापासून दूर! पाहणारा लगेच म्हणतो, ‘घाबरट आहे.’ आता एलडीआरच्या वायरांची अदलाबदल करा: डावा डोळा उजव्या मोटरीच्या ट्रान्झिस्टरला, उजवा डाव्याच्या. बाकी काही हलवू नका. तेच कासव टॉर्चकडे वळते आणि त्यावर चाल करून जाते. काल भित्रे होते ते आज आक्रमक झाले, आणि बदलले काय, तर दोन वायरांच्या जागा.

व्हॅलेंटिनो ब्राइटेनबर्ग या मेंदूच्या अभ्यासकाने १९८४ साली अशाच काल्पनिक वाहनांवर एक छोटे पुस्तक लिहिले. त्याचे म्हणणे असे की वागणूक पाहून आतल्या यंत्रणेचा अंदाज करू लागलो की आपण ती यंत्रणा नेहमी आहे त्यापेक्षा गुंतागुंतीची समजतो. आतून बनवत बाहेर येणे मात्र सोपे असते. तुमच्या कासवाच्या आत ‘भीती’ नावाचा भाग नाही, हे तुम्हाला पक्के ठाऊक आहे, कारण प्रत्येक वायर तुम्ही लावली आहे. वॉल्टरच्या कासवांबाबतही असेच घडले. त्यांच्यावर एक छोटा दिवा असे. सुकाणूची मोटर फिरत असेतो तो लागे. कासव आरशासमोर आले की त्याला स्वतःचाच दिवा दिसे. उजेड दिसला म्हणून सुकाणू थांबे, म्हणून दिवा विझे; दिवा विझला म्हणून सुकाणू पुन्हा सुरू, की दिवा पुन्हा लागे. कासव आरशापुढे लुकलुकत नाचू लागे. एखाद्या प्राण्यात हे दिसते तर त्याला स्वतःची ओळख पटली असे आपण म्हटले असते, असे वॉल्टरचे मत होते. मला यातला विनोद आणि इशारा दोन्ही आवडतात.

कासव पहिल्या दिवशी सरळ चालणार नाही, हे गृहीत धरा. ते जागच्या जागी गरगर फिरत असेल तर एक मोटर उलटी फिरते आहे. दोन्ही मोटरी एकमेकींकडे पाठ करून बसवलेल्या असल्याने हे हमखास होते. त्या मोटरीच्या दोन वायरा उलट्या करा. नेहमी एकाच बाजूला ओढत असेल तर दोन मोटरी सारख्या नाहीत, आणि तशा त्या कधीच नसतात. प्रीसेटने जुळवून घ्या. खिडकीतल्या उजेडाने भांबावत असेल तर एलडीआरभोवती काळ्या कागदाच्या छोट्या नळ्या घाला. मोटरी हातात फिरतात पण लादीवर अडतात, असे असेल तर बहुधा सेल संपले आहेत. अनेकजण सुटसुटीत म्हणून ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावतात. तिचा दाब जास्त असला तरी तिच्यातून मोटरीला पुरेल एवढा प्रवाह फार वेळ निघत नाही. ती घड्याळ-रेडिओला ठीक.

काही गोष्टी मात्र प्रयोग म्हणूनही करायच्या नाहीत. घरातल्या विजेच्या प्लगला हे मंडल कोणत्याही प्रकारे जोडायचे नाही. जुन्या मोबाइलमधील लिथियमची बॅटरी काढून वापरायची नाही. तिची टोके एकमेकांना चिकटली किंवा ती टोचली गेली तर आग लागते. एलडीआरमध्ये कॅडमियमचे संयुग असते आणि ते विषारी आहे, तेव्हा एलडीआर फोडून आत पाहू नका. पुढे ब्रेडबोर्ड सोडून डाग देऊन पक्की जोडणी कराल तेव्हा खिडकी उघडी ठेवा, मोठ्या माणसाला जवळ बसवा आणि नंतर हात धुवा, कारण डागाच्या कथिलात शिसे असते.

वॉल्टरने आपल्या कासवांची हकीकत १९५३ साली ‘द लिव्हिंग ब्रेन’ या पुस्तकात सांगितली. ते पुस्तक ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथे रॉडनी ब्रूक्स नावाच्या मुलाच्या हाती पडले आणि त्याने ट्रान्झिस्टर वापरून आपले कासव बनवले. हाच ब्रूक्स पुढे अमेरिकेत यंत्रमानवशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि १९९० साली सुरू झालेल्या आयरोबोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक ठरला. याच कंपनीने २००२ मध्ये घराची जमीन झाडत फिरणारी ‘रूम्बा’ नावाची चकती बाजारात आणली. ती माणसासारखी मुळीच दिसत नाही. खुर्चीवर आपटते, वळते, विजेरी उतरली की आपल्या खुंट्याशी परत जाते. एल्सीची पणती शोभावी अशी!

आजकाल शाळेत यंत्रमानवाचा तयार संच येतो. त्यात सूक्ष्म संगणकाची पाटी असते, आणि लिहून तयार असलेली आज्ञावली तिच्यात भरली की गाडी काळ्या रेषेवरून धावते. यात वाईट काही नाही, पण माझ्या मते ही दुसरी इयत्ता आहे, पहिली नव्हे. अर्डुइनोसारख्या पाटीच्या एका पायातून सुमारे २० मिलिअँपिअरच घ्यावेत असा दंडक आहे; म्हणजे डोळा आणि स्नायू यांमधील तीच दरी येथेही आहे. ज्याने कासव बनवले आहे त्याला काय करायचे ते माहीत असते: बेसवरचे एलडीआर आणि प्रीसेट काढायचे, पाटीच्या पायापासून १ किलोओहमच्या रोधकातून बेसला वायर न्यायची, आणि पाटीचे व विजेरीचे ऋण टोक एकमेकांना जोडायचे. उरलेले मंडल जसेच्या तसे. मागे जायचे असेल तर मोटरीतील प्रवाह उलटा करावा लागतो आणि त्याला चार ट्रान्झिस्टरांची ‘एच-ब्रिज’ जोडणी हवी. ती तयार मिळते.

पण त्याआधी या कासवाकडून अजून दोन गोष्टी करून घेता येतात. दोन्ही बाजूंच्या मंडलांत एलडीआर आणि प्रीसेट यांच्या जागा आपसात बदला; ४७० ओहमचा रोधक आहे तेथेच असू द्या. आता उजेड वाढला की मोटर मंदावते, अंधारात जोरात फिरते. डावा डोळा डाव्या मोटरीला, उजवा उजवीला ठेवा. डावीकडे टॉर्च असेल तर डावे चाक मंदावते, कासव डावीकडे वळते, टॉर्चकडे येत येत हळू होते आणि त्याच्यासमोर थांबून राहते. ब्राइटेनबर्गने या वाहनाला ‘प्रेम’ असे नाव दिले आहे. आता याच मंडलात डोळ्यांच्या वायरा पुन्हा आडव्या करा. ही चौथी आणि शेवटची जोडणी. ते कासव टॉर्चशी कसे वागेल, हे आधी वहीत चाके आणि बाण काढून लिहा, आणि मगच त्याला लादीवर सोडा.